दोष पाण्याचा, रहिवाशांचा नव्हे

संपादक महाशय,

दर्यापूर कसब्यातील अनारोग्याचे खापर रहिवाशांच्या आळसावर व व्यसनांवर फोडणारा जो लेख आपण गेल्या अंकात छापला, त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे आहे. पाणी उकळून पिण्याचा लेखकाचा उपदेश जंतूंपुरताच खरा. कारण अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे क्षार उकळल्याने नष्ट होत नाहीत, उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा उपायच नसेल तर २००० पर्यंत मुभा. शहानूर धरणाचे पाणी नळाला आले नाही की खाऱ्या पाण्याच्या हातपंपाकडे वळणाऱ्या गृहिणीस आळशी म्हणवते तरी कसे? कसब्याची लोकसंख्या घटल्याचे लेखातील विधानही निराधार आहे. २०११ नंतरच्या खानेसुमारीचे आकडे हाती नसताना ते कोणत्या दप्तरातून काढले, हे लेखकाने सांगावे. मूत्रपिंडाच्या विकाराने या पट्ट्यातील माणसे खंगत असता, प्रत्येक विहिरीच्या पाण्याची तपासणी व रुग्णांची गाववार नोंद सरकारने जाहीर करावी, हीच मागणी आपल्या पत्राने लावून धरावयास हवी होती.

कळावे.

आपला,
एक वाचक, दर्यापूर