काटा लालकडे सरकला तर?

मैत्रिणींनो, आता लहान गावांतूनही बायका सर्रास गाडी चालवताना दिसतात. मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात नेणं, लग्नकार्याला घाट चढून जाणं, सगळं आपण करतो. स्टिअरिंग हातात आलं, पण बॉनेट मात्र अजून ‘ह्यां’च्याकडेच! गाडी अडली की फोन लावायचा आणि रस्त्याच्या कडेला वाट बघत बसायचं. निदान इंजिन तापण्याच्या बाबतीत तरी हे बदलायला हवं. कारण ‘घर जवळच आहे, जाऊ तसंच’ म्हणत रेटलेले चार-पाच किलोमीटर अख्खं इंजिन बसवू शकतात. शिवाय घाईघाईत झाकण उघडलं, तर हात-तोंड भाजतं ते वेगळंच.

यात अवघड काही नाही. इंजिनाभोवती कूलंट फिरत असतं. पंप ते फिरवतो, रेडिएटरमध्ये ते वाऱ्याने निवतं आणि वारा कमी पडला की पंखा सुरू होतो. हे सगळं बंद आणि दाबाखाली असतं, अगदी आपल्या कुकरसारखं. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण दाबाखालचं कूलंट त्याहून गरम होऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच कूलंट उसळून अंगावर येतं. वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? मग इथेही तेच!

काटा लालकडे सरकला किंवा लाल दिवा लागला, की आधी एसी बंद करा. सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा. थांबायला लगेच जागा नसेल, तर तेवढ्यापुरता हीटर पूर्ण सोडा. आपल्याला उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडेल. मग निदान अर्धा तास थांबा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. पंख्याजवळ हात नको, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. गाडी निवल्यावर टाकीतलं कूलंट खालच्या खुणेच्या वर आहे का, तेवढं बघा.

आता दुखणं ओळखायचं कसं? गाडी कधी तापते, ते लक्षात ठेवा. बाजारातल्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पहिला संशय पंख्यावर. घाटात किंवा वेगात तापते, तर कूलंट कमी असेल, रेडिएटर चोंदला असेल किंवा पंप थकला असेल. कूलंट वरचेवर कमी होतंय, तर गळती शोधायला हवी. गाडीखाली हिरवट किंवा गुलाबी ओल दिसली तर ते कूलंट. एसी लावल्यावर ठिबकणारं स्वच्छ पाणी मात्र निर्धोक. धुराड्यातून सतत पांढरा धूर येतोय आणि ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग गाडी चालवूच नका, ओढून न्या.

एवढं माहीत असलं की गॅरेजमध्ये ‘काहीतरी बिघडलंय’ असं मोघम बोलावं लागत नाही. ‘सिग्नलला तापते, हायवेला नाही, पंखा बघा’ असं बाईने ठामपणे सांगितलं, की समोरचाही जपून बोलतो. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष साध्या फ्यूजमध्ये आणि बिल नव्या रेडिएटरचं. ते पैसे शेवटी घरखर्चातूनच जातात ना?

आणखी एक. पुष्कळशा कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर, पण विषारी. सांडलं तर लगेच पुसा आणि डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पुढच्या भिशीला किंवा महिला मंडळाच्या बैठकीला एखाद्या ओळखीच्या मेकॅनिकदादांना बोलवा. गार गाडीचं बॉनेट उघडून कूलंटची टाकी, रेडिएटर आणि पंखा प्रत्येकीने स्वतः पाहावा. अर्ध्या तासाचं काम आहे. उन्हाळा लागायच्या आत उरकून घ्या!