वह्या तपासायच्या नसतील तर गोळा करू नका

हल्ली मोठमोठ्या संस्थांमध्ये कर्मचाऱ्यांना ‘आपलं मत कळवा’ असा फॉर्म पाठवायची टूम निघाली आहे. मत विचारणं चांगलंच, त्याला माझी ना नाही. पण विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी एक भाची एका विद्यापीठात (कोल्हापुरातल्या नव्हे) कारकून आहे. तिला असा फॉर्म तीन वर्षं ओळीने आला. पहिल्या वर्षी तिने मन लावून पानभर लिहिलं. दोघांचं काम एकटीवर आहे, रेकॉर्ड रूमची खिडकी उघडत नाही, बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. दुसऱ्या वर्षी चार ओळी लिहिल्या. तिसऱ्या वर्षी सगळीकडे ‘समाधानकारक’वर टिचकी मारून बाई मोकळ्या! कडी काही बसली नाही, पण साहेबांच्या अहवालात समाधान मात्र वाढलं.

आम्हा शिक्षकांना यात नवल वाटत नाही. निबंधाच्या वह्या गोळा करून न तपासता परत द्या. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी पोरं गाइडातला निबंध उतरवून देतात. मग दोष पोरांचा का?

नॅकच्या २०१७ सालच्या सुधारित पद्धतीत अभ्यासक्रमावरच्या अभिप्रायाला गुण ठेवले होते. नुसते फॉर्म भरून घेऊन पूर्ण गुण मिळत नव्हते. त्यांचं विश्लेषण, त्यावर केलेली कार्यवाही आणि हे सगळं संकेतस्थळावर, इतकं हवं होतं. म्हणजे खरी गोम कुठे आहे ते नियम करणाऱ्यांना कळलं होतं. पण विचारायचं कुणाला? विद्यार्थी, शिक्षक, नोकरी देणारे आणि माजी विद्यार्थी. कारकून, प्रयोगशाळा परिचर, शिपाई यांचं नाव त्यात नाही. अभ्यासक्रमाचं त्यांना काय विचारायचं, असं कुणी म्हणेल. कबूल. मग त्यांच्या कामाबद्दल तरी विचारा! आमच्या राजारामपुरीला लागून असलेल्या शिवाजी विद्यापीठाला २०२१ साली ए प्लस प्लस श्रेणी मिळाली, तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला. अशा श्रेणीमागे हे हातही असतातच की.

काम करणाऱ्याचं ऐकलं नाही तर काय होतं, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दाखवलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायचं ठरलं. घाई होते आहे, असं प्राध्यापक सांगत होते. निकाल महिनोन् महिने रखडले, पोरांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. २०२३च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. आश्वासित प्रगती योजना, रिक्त जागा, सगळ्या जुन्याच मागण्या. कागदावर लिहिलेलं कुणी वाचत नाही म्हटल्यावर माणूस रस्त्यावर येतो.

‘पदभरती सरकारच्या हातात आहे, आम्ही काय करणार?’ हे उत्तर मला पटतं. पण मग तेच लिहून द्या ना! फॉर्म परत आल्यापासून महिन्याभरात नोटीस बोर्डावर तीन रकाने लावा. हे केलं. हे करतो आहोत, अमुक माणूस, अमुक तारखेपर्यंत. हे जमणार नाही, कारण असं असं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. स्पष्ट नकार माणूस पचवतो, मौन पचत नाही. आणि फॉर्मवर कर्मचारी क्रमांक मागू नका. क्रमांक टाकून खरं लिहील असा शूर मला अजून भेटायचा आहे.

यात खर्च किती? कडी-कोयंड्याला शंभर-दोनशे रुपये. रकान्यांना एक कागद. खर्ची पडतो तो साहेबांचा अहंकार, आणि तोच कुणाला सोडवत नाही.

माझं लिखाण वाचणाऱ्यांत आमच्या गोतावळ्यातले दोन-तीन खातेप्रमुखही आहेत. बाळांनो, तुमच्यासाठीच लिहिलंय. गेल्या वर्षीच्या फॉर्मांचा गठ्ठा कपाटातून काढा आणि त्यांचं उत्तर द्या. तोवर नवा फॉर्म पाठवू नका.