गोळी घेतली का? रक्ताआधी माणसाला विचारा

मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या सोनगीरवरून जातो. वस्तीतली पोरे या रस्त्यावर ड्रायव्हर, क्लीनर म्हणून आठ-आठ दिवस घराबाहेर असतात. म्हणून एचआयव्हीचा विषय दुसऱ्यांचा आहे, असे म्हणून आपली सुटका होत नाही.

लागण होण्याआधीच ती टाळण्यासाठी एक गोळी आहे. तिला ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे तिच्यात असतात आणि ती साधारणपणे रोज घ्यावी लागते. २०१० मध्ये आयप्रेक्स या अभ्यासाचा निकाल आला. गोळी दिलेल्या सगळ्यांचा मिळून हिशेब केला, तर लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली होती. ज्यांच्या रक्तात औषध सापडले, त्यांना मात्र याहून कितीतरी जास्त संरक्षण मिळाले. गोळी डबीत राहून उपयोग नाही, ती अंगात गेली पाहिजे.

मग ती अंगात गेली हे कळणार कसे? लघवीच्या तपासणीतून मागच्या काही दिवसांचे कळते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून तपासला, तर मागच्या काही आठवड्यांचे कळते. केसांवरून तर महिन्या-महिन्याचा हिशेब लागतो. दवाखान्यात जायच्या आदल्या दोन दिवसांत गोळ्या घेणारा माणूस लघवीच्या तपासणीत पास होईल. वाळवलेल्या थेंबात तो सापडेल.

आफ्रिकेतील तीन देशांत ५,०२९ स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाचा अभ्यास झाला. गोळ्या घेतल्याचे प्रमाण त्यांच्या सांगण्यावरून सुमारे ९० टक्के होते. रक्ताच्या नमुन्यांत औषध सापडले ते २५ ते ३० टक्क्यांतच. त्या बाया लबाड होत्या का? आम्हाला तसे वाटत नाही. पुढे संशोधकांनी त्यांच्यातल्या काही जणींना तपासणीचे आकडे दाखवले आणि शांतपणे विचारले, तेव्हा त्या मोकळेपणाने बोलल्या. गोळ्यांचा त्रास होईल ही भीती होती, नवऱ्याची भीती होती. गोळी पाहून शेजारीपाजारी आपल्यालाच एचआयव्ही आहे असे समजतील, हीसुद्धा भीती होती.

हे वाचताना आपलीच वस्ती डोळ्यांसमोर येते. एका खोलीत सहा माणसे, फळीवर सगळ्यांचे सामान. तिथे गोळ्यांची बाटली लपवायची कुठे?

आपल्या देशातही कोलकात्याच्या सोनागाछीत आणि म्हैसूरमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी प्रेपचे प्रकल्प चालवले. तिथे गोळी घेणारी आणि तिची चौकशी करणारी एकाच संघटनेतल्या होत्या. गोळी का चुकली, हे सांगायला तिथे आपले माणूस होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. औषधाची पातळी जरूर मोजावी. त्याशिवाय गोळी निकामी ठरली की पोटात गेलीच नाही, हे कळत नाही. पण ही तपासणी चोर पकडण्यासाठी नसावी. आपल्या माणसांनी दवाखान्यात आधीच पुष्कळ दरडावणी ऐकली आहे. त्यात रक्ताच्या आकड्याची भर पडली, तर माणूस दवाखान्याची पायरीच चढणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे समजावून संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. हाच नियम औषधाच्या तपासणीलाही लावावा. निकाल आधी त्या माणसाला सांगावा, आणि “का घेतली नाही?” याऐवजी “घेताना काय अडचण येते?” असे विचारावे.

आपल्या घराचेही काम आहे. घरातल्या कोणाकडे अशी गोळी दिसली तर चारचौघांत बोभाटा करू नका. ती आजाराची खूण नाही, काळजीची आहे. गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आधी एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते. ही गोळी इतर गुप्तरोग थांबवत नाही, म्हणून निरोध हवाच. काही विचारायचे असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाला भेटा.

घरात खरे बोलायची भीती राहिली नाही, तर गोळी कमी वेळा चुकेल. चुकली तरी ते कळायला रक्त काढावे लागणार नाही.