चुंबळ आणि गवताची टोपली

घरातील वडीलधाऱ्यांचे मन रमावे म्हणून आपण त्यांच्या हाती काहीतरी देतो. परंतु त्यांचे मन रमवणे निराळे आणि आपल्याला त्यांची गरज असणे निराळे. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी स्त्रियांच्या विणकामाविषयी वाचताना हा भेद प्रकर्षाने जाणवला.

तेथील पित्जंत्जत्जारा भाषेत ‘जान्पी’ म्हणजे गवत. दूरच्या वस्त्यांतील स्त्रियांना घर न सोडता चार पैसे मिळावेत, या हेतूने तेथील महिला परिषदेने १९९५ साली टोपल्या विणण्याची शिबिरे भरवली. गवताच्या जुडीचे वेटोळे करायचे आणि प्रत्येक फेर आधीच्या फेराला सुईदोऱ्याने टाचत जायचे, असे हे काम. तंत्र त्यांना नवे होते. परंतु डोक्यावर लाकडी पात्र पेलण्यासाठी ‘मंगुरी’ वळण्याची कला पूर्वापार होती. मंगुरी म्हणजे आपली चुंबळच. आज शेकडो स्त्रिया हे काम करतात. पापुलांकुत्जा येथील स्त्रियांनी तर खऱ्याएवढी गवताची मोटार विणली आणि २००५ साली राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळवला!

माझ्या मते खरे मोल विणण्याआधीच सुरू होते. गवत आणण्यासाठी आज्या, लेकी, नातवंडे मिळून रानात जातात. वाटेत पवित्र स्थळांना भेट देतात, अन्न गोळा करतात आणि त्या भूमीच्या कथा मुलांना सांगतात. ज्या देशात सरकारनेच अनेक दशके आदिवासींची मुले आईबापांपासून हिरावून नेली, तेथे आजीला बिलगून बसलेले नातवंड ही लहान गोष्ट नव्हे. पुढे सगळ्याजणी विणायला बसल्या, की हात गुंतलेले असतात आणि नजर कामाकडे असते. मनातले दुःख अशा वेळी सहज ओठांवर येते.

हे औषध नव्हे. विणकामाने संधिवात बरा होत नाही. बोटे आखडत असतील तर जाड लोकर आणि मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी, दुखू लागताच थांबावे. विणकाम नकोच असेल, तर जुन्या लुगड्याचा एक धडपा आजींसमोर ठेवावा आणि नातवंडाला त्यांच्याकडून चुंबळ वळायला शिकू द्यावे. त्याची पहिली चुंबळ बहुधा सुटेल. आपण मध्ये पडू नये. ती पुन्हा वळून दाखवण्याचे काम आजींचे.