पांढऱ्या कोटाची भीती कोण शिकवणार?

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने रुग्णालय उभारण्याआधी, ते कसे असावे हे परिसरातील गोंड गावकऱ्यांनाच विचारले. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातलगांना सोबत राहू देत नाहीत, असे उत्तर आले. शिवाय पांढरे कापड प्रेतावर घालतात. पांढऱ्या वेशातली माणसे जीव कसा वाचवणार, अशीही शंका होती. परिणामी शोधग्राममध्ये झोपड्यांच्या धर्तीवर रुग्णालय उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले.

हे उत्तर वैद्यकीय पदवीच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. भावी डॉक्टर सिकलसेलचे निदान शिकतो. पण मेळघाटातील कोरकू माता बाळाला घेऊन रुग्णालयातून न सांगता का निघून जाते, हे शिकत नाही. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यास वर्षभराची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती दुर्गम भागात आली, तर माडिया किंवा पावरीचा एक शब्दही न येणारा हा डॉक्टर दुभाष्यावर विसंबतो. रुग्ण परत आला नाही की शेरा ठरलेला: ‘अंधश्रद्धा’. (हा शेरा सोयीचा आहे, कारण त्यात डॉक्टरचे काहीच चुकत नाही.)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे प्रमाण दर हजारी ४१.९, तर अनुसूचित जमातींत ५०.३ आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये केंद्राला दिलेल्या अहवालात आदिवासी आरोग्याचा स्वतंत्र विचार झाला. वैद्यकीय वर्गात मात्र हा विषय सामाजिक वैद्यकशास्त्राच्या एखाद्या तासापुरताच उरतो.

कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५मध्ये वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांत मूलनिवासींच्या आरोग्याचा अभ्यास सक्तीचा करण्याची शिफारस केली. तरीही २०२०मध्ये क्युबेकमधील रुग्णालयात जॉयस एशाक्वान या अटिकामेक महिलेने कर्मचाऱ्यांची अपमानास्पद बोलणी मोबाइलवर चित्रित केली आणि त्यानंतर लवकरच तिचा मृत्यू झाला. केवळ शिफारशीने वृत्ती बदलत नाही.

आपल्याकडे २०२२पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम आहे. परंतु पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला बहुधा शहरालगतचेच गाव मिळणार. नंदुरबार आणि गडचिरोली येथे आता शासकीय महाविद्यालये आहेत. इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तेथे काही आठवडे पाठवणे, आणि स्थानिक आशा कार्यकर्तीला मानधन देऊन शिक्षिका म्हणून वर्गात उभे करणे, यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.