सांदणाची जाळी दिसली पाहिजे

रमजानमध्ये शेजारच्या आपांनी स्टेटसला सांदणांचा फोटो टाकला. रात्रीची वेळ, वर ट्यूबलाइट, त्यात मोबाइलचा फ्लॅश. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "सर, हे सांदण की साबणाच्या वड्या?" मला हसू आले. पण ईदच्या ऑर्डरींवर त्यांच्या मुलीची फी अवलंबून होती.

कोकणातले फणसाचे पिवळे सांदण पुष्कळांना ठाऊक असते. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरी तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे पांढरे सांदण होते, वाटीत वाफवलेले. त्याची सगळी परीक्षा जाळीवर. फ्लॅश भिंगाच्या शेजारून थेट समोर मारा करतो, छिद्रांत सावलीच पडत नाही, जाळी गायब! सालन असेल तर उलटे: तेलाच्या थेंबाथेंबावर चकाकता ठिपका.

बाहेरच्या अनेकांना आमचे जेवण अशाच फोटोंतून भेटते. रात्रीचा बाजार, लालभडक तंदुरी, तेलाचा तवंग. ते खोटे नाही, पण तेवढेच नाही. आणि दोष फक्त बाहेरच्यांचा नाही. आपणही आपला दस्तरख्वान तसाच दाखवत आलो आहोत.

मऊ प्रकाश म्हणजे मंद प्रकाश नव्हे. प्रकाशाचा उगम पदार्थाच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितकी सावलीची कड मऊ. खिडकीवर पांढरी मलमलची ओढणी ताणली की अख्खी खिडकीच दिवा होते. आपांच्या घरी सकाळी दहाला आम्ही तेच केले. घरातले दिवे बंद, ताट खिडकीपासून हातभर अंतरावर, पलीकडच्या बाजूला चार्टपेपर, म्हणजे सावली काळीकुट्ट होत नाही. उजेड बाजूने आला आणि जाळी दिसू लागली. सांदणावर बोट टेकवून उजेड थोडा कमी केला, पांढरे फटफटीत होऊ नये म्हणून.

दुसरे भांडण माझे त्या पोर्ट्रेट मोडशी आहे. पुढचे एक सांदण स्पष्ट, मागची अकरा धूसर. ऑर्डर डझनाची आणि दाखवता एक? विकत घेणाऱ्याला सगळे ताट बघायचे असते.

आमच्या सभांमध्ये इब्न अल-हैसमचे नाव मोठ्या अभिमानाने घेतात. ग्रहणाच्या सूर्याची कोर बारीक छिद्रातून उमटते, छिद्र मोठे केले की कोरीचा आकार हरवतो, हे त्याने हजार वर्षांपूर्वी नोंदवले. कॅमेऱ्यातही छिद्र लहान केले की पुढचे-मागचे दोन्ही स्पष्ट येते. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. एफ 2.8 वरून एफ 8 वर गेलात तर उजेड आठपट घटतो; सेकंदाच्या साठाव्या भागात होणारे काम आठव्या भागावर जाते. तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही, तिपाई लागते. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र बदलताच येत नाही. मग दोन पावले मागे सरका आणि फोटो नंतर कातरा. किंवा सरळ वरून घ्या, बारा सांदणे भिंगापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात. आम्ही स्टुलावर चढून वरूनच घेतला. तिपाईऐवजी दहावीच्या गाइडांची चळत वापरून एक तिरपाही काढला.

आपांनी दोन्ही स्टेटसला टाकले. संध्याकाळी निरोप आला: "सर, ओढणी खिडकीलाच राहू द्या. उद्या शीरखुर्मा आहे."