चावा अंगावर, जबाबदारी कोणावर?

पोस्टमन आणि कुत्रा ही जोडी व्यंगचित्रकारांची फार लाडकी. ज्याच्या पोटरीत दात रुततात त्याला मात्र हसू येत नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या इंजेक्शनच्या तारखा, बुडालेल्या रजा आणि फाटलेला गणवेश. रेल्वेत तर या दुखण्याची कोणी थट्टाही करीत नाही, इतके ते नेहमीचे झाले आहे. पहाटेच्या अंधारात रूळ तपासत निघालेला कीमन, रात्रीच्या गस्तीवरचा पेट्रोलमन, यार्डातून वाट काढणारा पॉइंट्समन यांची भटक्या कुत्र्यांच्या टोळक्यांशी रोजचीच गाठ. चावा बसला की वरिष्ठ सांगतात, सुई टोचून घे आणि उद्या ड्यूटीवर ये. कामगारही मान डोलावतो. नोंद होत नाही, आणि प्रकरण तिथेच मिटते.

हे असे मिटणेच आम्हाला मान्य नाही. ड्यूटीवर असताना बसलेला चावा हे कामगाराचे खासगी दुर्दैव नव्हे. तो कामावरचा अपघात आहे, आणि अपघाताची जबाबदारी कायद्याने ठरवून दिलेली आहे.

पहिली जबाबदारी मालकाची, म्हणजे आपल्या बाबतीत खात्याची. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आरएमएसचे मेल गार्ड व सॉर्टर आणि टपाल खात्यात बाहेर फिरून काम करणारे यांचा स्पष्ट उल्लेख होता. कचेरीत कायम बसणारे सोडून इतर रेल्वे सेवकही त्याच्या कक्षेत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. काम करीत असताना आणि कामामुळे अपघात होऊन इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. "हाक न मारता फाटक उघडलेसच कशाला?" या प्रश्नाने हक्क बुडत नाही. पत्र पोहोचवायचे तर फाटक उघडावेच लागते.

या हक्काला मर्यादाही आहे, ती साथींनी नीट समजून घ्यावी. इजेमुळे आलेली असमर्थता तीन दिवसांहून अधिक टिकली नाही, तर भरपाई मिळत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मात्र मागता येतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतर कामाशी संबंधित आजार व दुखापतीची वेगळी रजाही मिळाली आहे. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार, पुढे सहा महिने पूर्ण व त्यानंतर बारा महिने अर्धा पगार अशी तिची रचना आहे. पण कुत्रा चावलेला कामगार सहसा रुग्णालयात दाखल होत नाही. लस घ्यायला तो तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जातो, आणि ते दिवस बहुधा त्याच्या किरकोळ रजेतूनच कापले जातात.

दुसरी जबाबदारी कुत्रा पाळणाऱ्याची. "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी लावली म्हणजे सुटलो, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पाळीव जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावाही लावता येतो.

तिसरी जबाबदारी महानगरपालिका, नगरपालिका आणि शासनाची. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थांचे काम आहे. ते न झाल्याची किंमत नागरिकाने का मोजावी, हा प्रश्न न्यायालयांनीही विचारला आहे. केरळातील पीडितांचे भरपाईचे दावे तपासण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये असा दर ठरवून दिला. शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्याबरोबर रेल्वे स्थानकांच्या आवारातूनही भटकी कुत्री हलवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. तेव्हा स्थानकावरच्या कामगाराने याविषयी मागणी केली, तर ती आता उपकाराची याचना राहिलेली नाही.

कायदा असा तिन्ही बाजूंनी उभा असताना कामगार रिकाम्या हाताने का परततो? कारण कागदावर काहीच नसते. रेबीजची लक्षणे दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि ती दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चाव्याच्या दिवशी नोंद झाली नसेल, तर तो चावा बटवड्याच्या वेळी, बीटवरच बसला होता हे त्या कामगाराच्या विधवेने कशाच्या आधारे सिद्ध करायचे? घरच्या गल्लीतच कुत्रा चावला असेल, असे म्हणायला प्रशासन मोकळे असते.

म्हणून आमचे सांगणे असे. चावा बसताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा. जागा, वेळ, बीट किंवा किलोमीटर क्रमांक आणि साक्षीदाराचे नाव त्यात घाला. प्रतीवर पोच घ्या. केसपेपरवर "ड्यूटीवर असताना" हे शब्द लिहून घ्या. कुत्रा पाळीव असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. वरिष्ठ अर्ज घेत नसतील तर शाखा सचिवाने तो रजिस्टर पत्त्यावर पाठवावा. हे शाखेचे कामच आहे.

सर्वांत उघड्यावर आहेत ते ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी कामगार. डाक सेवक तेच टपाल त्याच वाड्या-वस्त्यांवर नेतो. पण कायम कर्मचाऱ्याचे रजेचे नियम त्याला लागू नाहीत. कंत्राटी सफाई कामगाराला तर ठेकेदार ओळखही दाखवत नाही. अशा वेळी मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते, हे त्याला सांगणारे कोणी नसते. सांगायचे कोणी? आपणच.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक चाव्याची अपघात म्हणून नोंद व्हावी. लसीचे दिवस ड्यूटी धरावेत. डाक सेवक आणि कंत्राटी कामगारांना तीच सवलत मिळावी. जिथे कुत्रा मोकळा सोडला जातो, त्या घरचा बटवडा मालक कुत्रा बांधेपर्यंत थांबवण्याचा अधिकार पोस्टमनला लेखी मिळावा. अमेरिकेच्या टपाल खात्यात अशी पद्धत आहे. आपल्याकडे ती का नसावी?

मुक्या जनावराशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तोंड असून न बोलणाऱ्या प्रशासनाशी. पुढच्या शाखा बैठकीत हा विषय घ्या आणि गेल्या वर्षभरात आपल्या कार्यालयात, आपल्या सेक्शनमध्ये किती जणांना चावा बसला याची यादी करा. तीच यादी घेऊन आपल्याला वाटाघाटीला बसायचे आहे.